छापखान्यातले खिळे आणि हरणाच्या शिकारीची गोळी

खिळेजुळारी (नाशिक)

नमस्कार मंडळी.

आधीच सांगतो, म्हणजे गैरसमज नको. आपल्याकडे हरणाची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे आणि तो गुन्हाच राहावा असं माझं ठाम मत आहे. हा धागा एका धातूबद्दल आहे: छापखान्यातले खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, ज्याची ओततात त्या शिशाच्या मिश्रधातूबद्दल. माझं सगळं आयुष्य त्या धातूत गेलं आणि परदेशात तो मला अशा रूपात भेटला की घरी परतून सहा महिने झाले तरी डोक्यातून जात नाही.

रविवार कारंजाजवळच्या एका बोळात आमचा छापखाना होता. एक ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईयंत्र, भिंतीला लावलेल्या खिळ्यांच्या केसेस आणि आम्ही तिघे. लग्नपत्रिका, हँडबिलं, पतपेढ्यांची पासबुकं. ऑफसेट आलं तसं काम आटत गेलं आणि एके दिवशी सगळे खिळे पोत्यांत भरून भंगारात वजनावर दिले. एवढंसं पोतं, पण दोघांना उचलेना. शिसं ते.

गेल्या हिवाळ्यात मुलीकडे पेन्सिल्व्हेनियात होतो. शेजारी पंचाहत्तरीचे एक गृहस्थ राहतात. नातू त्यांनाही आजोबाच म्हणतो. मी छापखानावाला आहे हे जावयाने सांगितलं तेव्हा ते मला हाताला धरून मागच्या शेडमध्ये घेऊन गेले. एका पत्र्याच्या डब्यातून त्यांनी बोटभर लांबीची राखाडी पट्टी काढली आणि माझ्या तळव्यावर ठेवली. लायनोटाइपची ओळ! सुटे खिळे न जुळवता अख्खी ओळ एकाच पट्टीत ओतणारं यंत्र ते. वजनावरूनच ओळखली. अक्षरं उलटी, आणि मी सवयीने ती उलटीच वाचली: बटाटे, दहा पौंडांची पिशवी, पुढे किंमत. कुठल्यातरी बंद पडलेल्या गावच्या वर्तमानपत्रातली किराणा दुकानाची जाहिरात. तिकडचे छापखाने बंद झाले तेव्हा हा माल घरी गोळ्या ओतणाऱ्या लोकांनी उचलला. ते अजून तो पुरवून पुरवून वापरतात. माझे खिळे भंगारात गेले, त्यांच्या ओळी बंदुकीत गेल्या.

त्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर ओतकाम केलं. शेडचं दार सताड उघडं, पंखा बाहेरच्या बाजूला हवा फेकणारा, हातात चामड्याचे मोजे, डोळ्यांवर चष्मा. भट्टीतला रस चकचकीत झाला की वर मळी येते. तिच्यावर मेणाचा खडा टाकला, भक्कन जाळ उठला, मग पळीने ढवळून काळी राख काढून टाकली. साचा लोखंडी, दोन पाखांचा, वर सरकती पट्टी. पळीने रस ओतायचा, पट्टीवर थोडा जास्तीचा राहू द्यायचा, तो गोठून निस्तेज झाला की लाकडी दांड्याने पट्टीला टोला. साचा उघडला की गोळी खालच्या घडी घातलेल्या पंचावर पडते. पहिल्या दहाबारा सुरकुतलेल्या निघाल्या, कारण साचा थंड होता. त्या त्यांनी परत भट्टीत टाकल्या. पुढच्या अशा निघाल्या की कडा बोटाला लागाव्यात. हे मी आमच्या फाउंड्रीवाल्याकडे लहानपणी पाहिलं होतं. तिथे साच्यातून ‘क’ पडायचा, इथे गोळी पडत होती.

आता मुद्द्याचं. खिळ्याचा धातू म्हणजे शिसं, कथील आणि अँटिमनी. लायनोच्या ओळीत साधारण ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी, ४ टक्के कथील. कथिलामुळे रस पातळ होऊन साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात पोचतो. अँटिमनीमुळे कडकपणा येतो आणि गोठताना धातू कमी आकसतो, म्हणून अक्षराची धार टिकते. आमच्या कामाला हा कडकपणा हवाच होता, नाहीतर हजार प्रतींनंतर अक्षर बसलं असतं. पण त्या कडकपणाची किंमतही आम्ही मोजत होतो. वेलांटीचा किंवा रफाराचा खिळा, ज्याचा भाग अंगाबाहेर लोंबतो, तो फरशीवर पडला की वाकत नसे, मोडत असे.

हीच गोष्ट मला त्या आजोबांनी गोळीबद्दल सांगितली. तरुणपणी त्यांनी निव्वळ लायनोच्या, गोल नाकाच्या गोळ्या ओतल्या. जितकी कडक तितकी चांगली अशी तेव्हा त्यांची समजूत. त्या गोळीने हरणाला आरपार सुईसारखं भोसकलं. गोळी फुलली नाही, म्हणजे आत शिरल्यावर पसरून रुंद झाली नाही, जखम बारीक, रक्त जवळजवळ पडलंच नाही. हरण पळालं. कंदील घेऊन मध्यरात्रीपर्यंत शोधलं, सापडलं दुसऱ्या दिवशी दुपारी, ओढ्यात. मांस नासलेलं. हे सांगताना त्यांचा आवाज बसला होता. म्हणाले, ते जनावर रात्रभर कुठे पडलं असेल हा विचार मला पन्नास वर्षं सोडत नाही. त्यानंतर त्यांनी लायनोत तेवढंच मऊ शिसं मिसळायला सुरुवात केली आणि साचा बदलून सपाट नाकाचा घेतला.

या मंचावर ओतकामातले, धातूतले लोक आहेत, तिकडे राहणारेही आहेत. कडक गोळी हरणासाठी नेमकी किती कडक असावी, यावर जाणत्यांनी लिहावं. मी पाहिलं तेवढं सांगितलं.

---

सातपूरकर

काका, लेख वाचून आमच्या शॉपमधला जुना शिशाचा कढईवाला कोपरा डोळ्यांसमोर आला. मी सातपूर एमआयडीसीत २२ वर्षं ओतकामात आहे. बंदुकीतलं काही कळत नाही, धातूतलं कळतं तेवढं लिहितो.

कडकपणा मोजतात ब्रिनेलने. पोलादी गोटी ठरावीक भाराने धातूवर दाबायची आणि पडलेल्या खळग्याचा व्यास मोजायचा. शुद्ध शिसं ५ च्या आसपास भरतं, नखानेसुद्धा ओरखडा उठतो. तुमची लायनोची ओळ २२ च्या आसपास. नव्वद टक्के शिसं आणि कथील-अँटिमनी पाच-पाच टक्के घेतलं तर १५. तुमच्या आजोबांनी निम्मं मऊ शिसं मिसळलं म्हणजे अँटिमनी सहा टक्क्यांवर आली, कथील दोनवर. कडकपणा १४-१५ च्या घरात येईल. तो माणूस अंदाजाने अगदी योग्य जागी पोचला आहे.

अँटिमनी जास्त झाली की ती शिशात पूर्ण विरघळून राहत नाही, तिचे कडक कण वेगळे पडतात. म्हणून तुमची वेलांटी मोडायची. गोळीचंही तेच. मऊ गोळी हाडावर आपटली तर चेपते, अति कडक गोळी चेपण्याऐवजी तुटू शकते.

दुसरी एक युक्ती आहे. साच्यातून निघालेली गरम गोळी थेट पाण्याच्या बादलीत सोडली तर तिचा कडकपणा बराच वाढतो, आणि पुढचे काही दिवस वाढतच राहतो. त्यासाठी मिश्रणात अँटिमनी लागते आणि किंचित आर्सेनिक असेल तर परिणाम जास्त. शुद्ध शिशावर याचा काही उपयोग नाही. मात्र हे पाणी भट्टीपासून लांब हवं. वितळलेल्या शिशाखाली पाण्याचा एक थेंब सापडला तरी त्याची वाफ होऊन सगळा रस उसळतो. आमच्याकडे एका मुलाने ओला भंगारतुकडा कढईत टाकला होता. मनगटावर जे उडालं त्याची खूण त्याच्या हातावर आजही आहे.

आणखी एक. शिशासाठी लोक गाड्यांच्या चाकांचा तोल साधायला लावलेली वजनंही वितळवतात, पण भंगारातल्या त्या वजनांत आता जस्ताची वजनं मिसळलेली असतात. शिसं ३२७ अंशांना वितळतं, जस्त ४१९ ला. आच बेताची ठेवली तर जस्त वर तरंगतं, पळीने काढून टाकता येतं. आच वाढवली आणि ते रसात मिसळलं की तो घाणा गेलाच. रस दाट होतो, साचा नीट भरत नाही.

---

गोदाकाठ_ते_मिसिसिपी

मूळचा पंचवटीचा, सतरा वर्षं विस्कॉन्सिनमध्ये. आमच्याकडे नोव्हेंबरात नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम असतो. मी सात वर्षं परवाना काढतो आहे, त्यातली चार ओतीव गोळीने. आई अजून नाराज आहे. ती सीतागुंफेच्या गल्लीत वाढली, हरणामागे जाणं तिला अशुभच वाटतं. मी तिच्याशी वाद घालत नाही.

काकांचा प्रश्न बरोबर आहे, पण ‘किती कडक’ हा अर्धाच प्रश्न. आधी व्यास बघा. पॉइंट फॉर्टी फाइव्ह-सेव्हंटी हे १८७३ चं काडतूस, गोळी मुळातच जाडजूड. ती फुलली नाही तरी भोक पुरेसं मोठं पाडते, म्हणून तिथे कडक गोळी चालते. थर्टी-थर्टी १८९५ चं, गोळी पॉइंट तीन इंचांची. तिथे बारीक, कडक आणि गोल नाकाची गोळी म्हणजे काकांच्या शेजाऱ्यांनी भोगलं तेच. व्यास जितका लहान, तितका मिश्रधातू थोडा मऊ ठेवावा आणि नाक सपाट असावं. सपाट नाक फुललं नाही तरी पुढचं मांस ढकलत, फाडत जातं. शिवाय लीव्हरच्या रायफलीत काडतुसं बंदुकीच्या नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक आडवी बसतात. टोकदार गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर, म्हणजे आघाताने पेटणाऱ्या बुडावर, टेकतं आणि धक्क्याने ते आतल्या आत उडू शकतं. त्यामुळे तिथे सपाट नाक सुरक्षिततेसाठीही लागतं.

दुसरं, माप. नवीन ओतणारा प्रत्येक जण नळीत शिसं माखलं की म्हणतो, मिश्रण अजून कडक करतो. बहुतेक वेळा दोष मापाचा असतो. गोळी नळीतल्या खाचांच्या मापापेक्षा एक-दोन हजारांश इंचांनी मोठी हवी. लहान असेल तर मागचा तापलेला वायू कडेने निसटतो, गोळीची कड जाळतो आणि ते शिसं नळीत थापतो. अति कडक गोळी फुगून ती फट बुजवतही नाही, म्हणजे कडकपणाने दुखणं वाढतं. वेग जास्त ठेवायचा असेल तर गोळीच्या बुडाला तांब्याची छोटी वाटी बसवतात, ती वायूचा मारा झेलते. खाचांत मेण भरतात. बहुतेकांचं मधमाशीच्या मेणाचंच मिश्रण असतं. माझ्या हाताला तो वास आठवडाभर असतो.

आणि तिसरं, या सगळ्याहून मोठं. ओतीव गोळी सावकाश जाते. सेकंदाला अठराशे-एकोणीसशे फूट म्हणजे तिच्यासाठी भरपूर. त्यामुळे लांबचा नेम नाही. मी शंभर यार्डांपलीकडे बोट चापावर नेत नाही. हरण आडवं उभं असेल, खांद्यामागची फुप्फुसांची जागा मोकळी दिसत असेल, आणि मागे मातीचा चढ असेल, तरच. कडक गोळी हरणात थांबत नाही हे गृहीतच धरायचं, ती पलीकडे कुठे जाणार हे आधी बघायचं. गोळी लागल्यावर लगेच मागे धावायचं नाही. अर्धा तास बसायचं. ते अर्ध्या तासाचं बसणं फार जड असतं. पहिल्या वर्षी माझे हात थांबत नव्हते.

---

बाजरीचं_रान (येवला तालुका)

आमचं रान ममदापूर राखीव क्षेत्राला लागून. सगळ्यांचं वाचलं. मला एक सांगायचंय.

आमच्याकडं जे आहे ते काळवीट. त्याला आपण हरीण म्हणतो, पण ते कुरंग. त्याची शिंगं जन्मभर राहतात. चितळ, सांबर, भेकर हे सारंग, त्यांची शिंगं झडतात नि नवी येतात. काकांनी तिकडं पाहिलं ते सारंगातलं.

रात्री बॅटरी फिरवली की रानात हिरवे डोळे चमकतात, तीस-तीस, चाळीस-चाळीस. कोवळी बाजरी शेंड्याकडून खातात, हरभऱ्याचे घाटे खातात. सकाळी बांधावर उभं राहिलं की पोटात खड्डा पडतो. उन्हाळ्यात पाण्यासाठी येतात नि कठडा नसलेल्या विहिरीत पडतात. मागल्या वैशाखात आमच्याच विहिरीत एक मादी पडली. वनखात्याची माणसं येईस्तोवर मी नि पुतण्या दोर धरून पायऱ्यांवर उभे होतो, ती बुडू नये म्हणून. तिचं काळीज दोरातनं हाताला लागत होतं. जिवंत निघाली. झटका देऊन उठली नि आमच्याच बाजरीतनं पळाली.

शेजारचे एकदोघं म्हणतात, एखाददोन मारले तर काय बिघडलं. मी त्यांना म्हणतो, बिघडतं. भरपाईचा अर्ज करा, पंचनामा करून घ्या, कुंपणासाठी भांडा. मीही भांडतोय, पैसे उशिरा येतात नि पुरत नाहीत, हे खरं दुखणं. पण बंदूक हे उत्तर नाही. म्हणून अशा धाग्यावर शिकारीच्या बारकाव्यांची चर्चा बघून मला जरा भीती वाटली. इकडं कोणी वाचून भलतंच डोक्यात घेईल.

---

खिळेजुळारी (नाशिक)

दादा, तुमची भीती रास्त आहे आणि दोरातून लागणाऱ्या काळजाचं वाचून मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही.

तिथली परिस्थिती वेगळी आहे एवढंच सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेन्सिल्व्हेनियात हरणं जवळपास संपली होती. बाहेरून आणून सोडली, शिकारीवर बंधनं आणली, आणि आता लांडगे नसल्याने ती इतकी वाढली आहेत की जंगलातली रोपं उगवू देत नाहीत. म्हणून परवाने, हंगाम, मोजून दिलेले बिल्ले. हरण पडलं की बिल्ला कानाला बांधावा लागतो. अंगावर भडक नारिंगी कपडा बंधनकारक, नाहीतर माणूसच माणसाला मारेल.

मी शिकारीला गेलो नव्हतो. परवाना नाही, आणि मला जायचंही नव्हतं. ते हरण घेऊन आले तेव्हा अंगणात पाहिलं. बर्फ पडत होता. कानाला बिल्ला, डोळे उघडे, पापण्यांवर बर्फाचे कण. एका बाजूला करंगळीचं टोक जाईल एवढं भोक, पलीकडे जुन्या रुपयाएवढं. साठेक पावलं जाऊन पडलं, म्हणाले. आजोबांनी टोपी काढली, गुडघ्यावर बसले आणि त्याच्या मानेवर हात ठेवून काही वेळ तसेच राहिले. काय म्हणाले ते कळलं नाही. त्या गोळीत बटाट्याच्या जाहिरातीचा तुकडा असेल, हे मात्र माझ्या मनात येऊन गेलं.

---

अंजनेरीची_वाट

मी पक्षीनिरीक्षक. अंजनेरीच्या कड्यावर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी मोजायला दरवर्षी जाते. सगळे कडकपणा आणि नाकाचा आकार बोलता आहात, पण हे शिसं आहे, त्याबद्दल कोणीच बोलत नाही.

शिकारी हरणाची आतडी तिथेच रानात टाकून जातो. त्यात शिशाचे कण असतात. गिधाडासारख्या पक्ष्याच्या जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की ते शिसं विरघळवतं आणि रक्तात मिसळतं. मग अन्न पुढे सरकत नाही, पंख लोंबतात, पक्षी उपाशी मरतो, पोट भरलेलं असताना. कॅलिफोर्नियाचा कोंडोर, म्हणजे तिकडचं गिधाड, १९८७ साली जगात सगळे मिळून २७ उरले होते, आणि मोकळ्या रानात एकही नाही, कारण उरलेले सगळे पकडून आत आणले. पिंजऱ्यात वाढवून परत सोडले तरी त्यांच्या मरणाचं सगळ्यात मोठं कारण शिसंच राहिलं. म्हणून त्या राज्याने १ जुलै २०१९ पासून शिकारीतली शिशाची गोळी पूर्ण बंद केली.

आपल्या गिधाडांचा घात डायक्लोफेनॅकने केला, गुरांना टोचायच्या औषधाने. २००६ मध्ये त्याचा जनावरांसाठीचा वापर बंद झाला तोवर बहुतेक गिधाडं गेली होती. हरसूलजवळ खोरीपाड्याला गावकरी आणि वनखातं मिळून गिधाडांसाठी मेलेली जनावरं ठेवतात. तिथे एकेक पक्षी उतरताना बघितला की कळतं, मेलेल्या जनावरात आपण काय सोडतो याचा हिशोब कोणाच्या पोटात होतो.

माणसांचंही तेच. २००८ साली नॉर्थ डकोटात गरिबांना वाटायच्या हरणाच्या खिम्यात शिशाचे कण निघाले आणि आरोग्य खात्याने ते मांस टाकून द्यायला सांगितलं. लहान मुलांसाठी शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही. काका, तुम्ही तुमच्या नातवाला त्या शेडमध्ये जाऊ दिलं होतं का?

---

गोदाकाठ_ते_मिसिसिपी

ताई, तुमचं म्हणणं मान्य. थोडी भर घालतो. त्या खिम्यातले कण बहुतेक वेगवान, तांब्याच्या पातळ आवरणातल्या मऊ गोळ्यांचे. त्या हाडावर फुटून धुळीसारख्या पसरतात. ओतीव गोळी सावकाश जाते, सहसा एकसंध आरपार जाते आणि कण फार कमी सोडते. मी घाव लागलेल्या भागाभोवतीचं वीतभर मांस कापून टाकतो.

पण ‘फार कमी’ म्हणजे ‘नाही’ नव्हे, आणि आरपार गेलेली गोळी मातीत राहतेच. तुमचा कोंडोरचा परिच्छेद मी कालपासून तीनदा वाचला. आता थर्टी-थर्टीसाठी निव्वळ तांब्याच्या गोळ्या मिळतात. महाग आहेत. माझी धाकटी दोन वर्षांची झाली, ती सगळं तोंडात घालते. या हंगामात तांबं घेणार आहे. भट्टी शेजाऱ्याला देऊन टाकावी का, ते ठरत नाही.

---

सातपूरकर

भावा, देऊन टाक. माझं ऐक. आमच्याकडे शिशावर काम करणाऱ्यांची रक्ततपासणी होते. मी स्वतः दोन वेळा आकडा वाढल्यामुळे त्या खात्यातून बाहेर काढला गेलोय. शिशाची वाफ ही मोठी भीती नाही, तेवढी आच घरच्या भट्टीत नसते. खरी भीती मळीच्या धुळीची. ती कपड्यावर, बुटावर, केसांत घरी येते. दोन वर्षांचं पोर जमिनीवर रांगतं.

---

खिळेजुळारी (नाशिक)

अंजनेरीच्या ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो. नातू शेडच्या दारापर्यंत आला होता. आजोबांनी त्याला आत येऊ दिलं नाही, ओरडूनच मागे पाठवलं. तेव्हा मला ते कठोर वाटलं होतं. आतडी ते रानात टाकत नाहीत, खड्डा काढून पुरतात. पण यामागे गिधाडांचा विचार आहे की अस्वलं येऊ नयेत म्हणून, ते मी विचारलं नव्हतं. मुलीला सांगून विचारतो.

आणि माझं सांगायचं तर आम्ही छापखान्यात खिळ्यांच्या हातानेच चहा-पाव खाल्ला, तीस वर्षं. दातांत खिळा धरून दुसरा शोधायची सवय होती सगळ्यांना. तुमचं वाचून परवा रक्त तपासायला दिलं.

---

वाड्यातला_मुलगा

धागा वाचून धीर आला म्हणून लिहितो. जुन्या नाशकात आमचा वाडा पाडायला घेतला आहे. माळ्यावर पणजोबांच्या ट्रंकेत ठासणीची एक बंदूक, शिंगाचं दारूचं पात्र आणि चिमट्यासारखा गोल खळग्याचा साचा सापडला. सोबत शिशाच्या चारपाच गोळ्या, इतक्या मऊ की नखाने खूण पडते. एक तर दातांनी चावल्यासारखी दिसते. खिळेजुळारी काका, ही पण तुमच्या मिश्रधातूची का? आणि हे ठेवलं तर चालेल ना, आठवण म्हणून?

---

खिळेजुळारी (नाशिक)

नाही रे बाबा, ते शुद्ध शिसं. आजोबांनी मला त्यातला फरक सांगितला होता. ठासणीच्या बंदुकीत गोळी तोंडाकडून दांड्याने ठोकत आत न्यायची असते, बऱ्याचदा भोवती चिंधी गुंडाळून. कडक गोळी तशी बसत नाही. म्हणून तिथे मऊच हवी. नखाने खूण पडते ना, तीच तिची ओळख. चावल्यासारख्या खुणा चिमट्याच्या असतील. साच्यातून काढून टोक छाटताना पडतात.

बाकीचं वकील मंडळींनी सांगावं. पण तोवर कशालाही हात लावू नकोस, विशेषतः नळी भरलेली आहे का हे स्वतः बघू नकोस. जुनी दारू ओल धरते, पण मेली असं समजू नये.

---

कोर्टाच्या_पायऱ्या

वकील आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. परवान्याशिवाय आठवण म्हणून ठेवता येणार नाही. शस्त्र कायदा १९५९ चा. परवानाधारक वारला की त्याची बंदूक वारसाच्या नावावर आपोआप होत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते आणि मग वारसाने स्वतंत्र अर्ज करायचा. त्या कायद्यात दारूगोळा या शब्दाच्या व्याख्येत दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्रीही येते. त्यामुळे साचाही निरुपद्रवी खेळणं समजून ठेवू नका. शहरात पोलीस आयुक्तालय परवाना देतं. जवळच्या ठाण्यात आधी लेखी कळवा, त्यांना वाड्यावर येऊ द्या, पंचनामा होऊ द्या आणि पावती घ्या. बंदूक खांद्यावर टाकून रस्त्याने ठाण्यात जाऊ नका.

येवल्याच्या दादांसाठी: काळवीट अनुसूची एकमध्ये आहे. शिकारीला किमान तीन वर्षं कैद, सात वर्षांपर्यंत वाढू शकते, शिवाय दंड. पीक खातो या कारणावर त्याला मारायची परवानगी मिळत नाही. अनुसूची एकमधल्या प्राण्याबाबत तसा आदेश फक्त मुख्य वन्यजीव रक्षक देतात, आणि तोही माणसाच्या जिवाला धोका असेल किंवा प्राणी बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असेल तरच. शेजाऱ्यांना हे वाचून दाखवा.

---

बाजरीचं_रान (येवला तालुका)

वाचून दाखवलं, पारावर. एक जण उठून गेला. बाकीचे बसले.

---

वाड्यातला_मुलगा

काल ठाण्यातून दोन जण आले होते. एक हवालदार वयस्कर, त्यांनी नळीत काडी घालून बाहेरून लांबी मोजली आणि म्हणाले, भरलेली आहे. आम्ही सगळे मागे सरकलो. आमच्या डोक्यावर कित्येक वर्षं ती भरलेली होती, आम्ही त्याखाली जेवलो, झोपलो. नीट कापडात गुंडाळून नेली. साचा, शिंग आणि गोळ्याही नेल्या. पावतीवर पाच गोळ्या लिहिल्या आहेत.

---

खिळेजुळारी (नाशिक)

बरं केलंस. ट्रंकेचा तळ आता ओल्या फडक्याने पूस, कोरडा झाडू मारू नकोस. फडकं टाकून दे आणि हात साबणाने धू. माझा रक्ताचा अहवाल आला. डॉक्टर म्हणाले, आकडा वयाच्या मानाने थोडा जास्त आहे, तीन महिन्यांनी परत बघू. मुलीने आजोबांना विचारलं. आतडी अस्वलांसाठीच पुरत होते म्हणे. गिधाडांचं त्यांना ठाऊक नव्हतं. ताई, तुमचा प्रतिसाद तिने त्यांना इंग्रजीत वाचून दाखवला आणि त्यांनी तो छापून मागितला आहे, शेडमध्ये लावायला.